यूएसडीसी वापरून बघितलं: शिक्का दोन्ही पक्षांचा आहे, पण नेमका कशावर मारलाय?

आधी रेटिंग देऊन टाकते, ज्यांना घाई आहे त्यांनी इथूनच निघावं: पाचपैकी साडेतीन.

प्रॉडक्ट म्हणजे यूएसडीसी, सर्कल कंपनीचं स्टेबलकॉइन, एक कॉइन म्हणजे एक डॉलर, वर जात नाही, खाली जात नाही (एकदा गेलं होतं, त्यावर येते), श्रीमंत व्हायची यात काही सोय नाही. मी न्यू जर्सीत राहते, अकाउंटिंगमध्ये काम करते, क्रिप्टोची फॅन वगैरे अजिबात नाही. पण २०२५ च्या जुलैत अमेरिकेत तो जीनियस ॲक्ट, म्हणजे स्टेबलकॉइनचे नियम ठरवणारा कायदा, पास झाला आणि तेव्हापासून ऑफिसात, मराठी मंडळात, इंडियातल्या फॅमिली ग्रुपवर, सगळीकडे एकच ऐकतेय की अगं आता तर दोन्ही पक्षांनी मिळून कायदा केलाय, आता कसली भीती. म्हणून म्हटलं वापरून बघू आणि त्या वाक्यात किती दम आहे तेही बघू.

आमच्या मंडळात राजकारणावरून सरळसरळ दोन गट आहेत. टॅरिफ, व्हिसा, कशाचाही विषय निघाला की गणपतीची मीटिंग तिथेच संपते. पण स्टेबलकॉइनचं नाव निघालं की ट्रम्पवाले काका आणि बायडनवाले काका एका सुरात बोलायला लागतात, हे बघून मला आधी गंमत वाटली आणि मग संशय आला. दोन पार्ट्या एकदम सहमत झाल्या की मला व्हाउचर बघावंसं वाटतं, काय करणार, धंद्याची सवय.

आता वापराचं. अकाउंट उघडणं सोपं आहे, सोशल सिक्युरिटी नंबर, लायसन्सचा फोटो, सेल्फी, बँक जोडा, झालं. बँकेतून डॉलर टाकले की तितकेच यूएसडीसी मिळतात, मी वापरते त्या ॲपवर खरेदीला वेगळी फी लागली नाही. पण बँकेतून एसीएचने (म्हणजे साध्या बँक ट्रान्सफरने) आलेले पैसे लगेच बाहेर पाठवता येत नाहीत, काही दिवस होल्डवर राहतात, म्हणजे जाहिरातीत "सेकंदात" म्हणतात ते त्या होल्डच्या पुढचं. एकदा ते सुटले की मात्र खरंच सेकंदात जातात. रविवारी रात्री, थँक्सगिव्हिंगच्या दिवशी, कधीही. सोलाना किंवा बेस नेटवर्कवरून पाठवलं तर फी इतकी किरकोळ असते की एंट्री करायचाही कंटाळा यावा, इथेरियमवरून पाठवलं तर मात्र त्या वेळी गर्दी किती आहे त्यावर सेंट्स लागतील का डॉलर्स ते ठरतं.

पण खरं सांगू का, अमेरिकेतल्या अमेरिकेत दोन माणसांमध्ये पैसे फिरवायला याची काही गरज नाही. मैत्रिणींबरोबर फिरायला गेलो, हॉटेलचा हिशोब झाला, एकीला यूएसडीसी पाठवलं तर ती म्हणते झेल (बँकेच्या ॲपमधून थेट पैसे पाठवायची सोय) कर ना गं बाई, हे मी आता कुठे बदलू. बरोबर आहे तिचं. झेल फुकट आहे, ताबडतोब जातं आणि सगळ्यांकडे आहे. इथे नवीन प्रॉडक्टला मार्क नाहीत.

मार्क मिळतात ते बॉर्डर ओलांडताना. आमच्या एका क्लायंटचा डिझायनर अर्जेंटिनात बसतो. आधी वायर करायचो, आपल्या बँकेची फी, मधल्या बँकेची कापाकापी, आणि त्याच्या हातात किती पोचले ते तो सांगेपर्यंत आपल्याला कळत नाही. आता त्याला यूएसडीसी जातं, काही मिनिटांत त्याचा मेसेज येतो की मिळाले, पूर्ण मिळाले. त्याला त्याच्या देशाच्या करन्सीत ठेवायचेच नसतात, डॉलर हेच त्याला हवं असतं. पेसोची महागाई ज्यांनी भोगलीय त्यांना स्टेबलकॉइन समजावून सांगावं लागत नाही, उलट तोच मला समजावत होता. या कामासाठी पाचपैकी पाच, काही बोलायलाच नको.

वैताग कुठे येतो ते पण लिहिते. पहिलं म्हणजे तो पत्ता, भलीमोठी अक्षरं आणि आकडे, कॉपी पेस्ट करूनही पहिली चार आणि शेवटची चार अक्षरं जुळवून बघितल्याशिवाय बटण दाबू नये. दुसरं, नेटवर्क. समोरच्याच्या ॲपवर सोलाना चालतं आणि तुम्ही दुसऱ्याच नेटवर्कवरून पाठवलंत तर पैसे अडकू शकतात, कधी परत मिळतात कधी नाही. तिसरं, अनडू नाही. क्रेडिट कार्डावर खोटा माल आला तर आपण बँकेला फोन करून डिस्प्यूट टाकतो, इथे गेले म्हणजे गेले. आणि चौथं, ॲपचं नाव मुद्दाम घेत नाही, पण मध्येच एकदा "अकाउंट रिव्ह्यूमध्ये आहे" असं म्हणून माझं पाठवणं बंद केलं आणि चॅटवर बॉट एकच उत्तर फिरवून फिरवून देत होता, माणूस मिळेपर्यंत जीव मेटाकुटीला आला. कॉइन स्टेबल आहे, कस्टमर केअर नाही.

हे चौथं लक्षात ठेवा, कारण इथेच त्या दोन पक्षांच्या शिक्क्याची गोष्ट सुरू होते.

बघा, आपण ज्याला यूएसडीसी वापरणं म्हणतो त्यात तीन वेगळ्या गोष्टी एकावर एक रचलेल्या आहेत. खाली कॉइनच्या मागचे खरे डॉलर, जे सर्कलने कुठेतरी ठेवलेत. मध्ये ते ब्लॉकचेनचं नेटवर्क, म्हणजे सोलाना, इथेरियम वगैरे, ज्यावरून कॉइन इकडून तिकडे जातात. आणि वर ॲप किंवा एक्स्चेंज, जिथे आपलं लॉगिन आहे. दोन्ही पक्षांनी जो कायदा केला तो मुख्यतः सगळ्यात खालच्या मजल्याचा आहे. लोक मात्र गच्चीवर उभे राहून सांगतात की बिल्डिंग पास झालीय.

खालचा मजला खरंच चांगला झालाय, ते नाकारत नाही. कायदा म्हणतो की जेवढे कॉइन बाजारात तेवढ्या किमतीचा रिझर्व्ह पाहिजे, एकास एक, आणि तोही कॅश, बँकेतली डिपॉझिट्स, ९३ दिवसांच्या आतली ट्रेझरी बिलं (सरकारचे कमी मुदतीचे कर्जरोखे) असल्या साध्या गोष्टींत. दर महिन्याला रिझर्व्हमध्ये काय काय आहे ते जाहीर करायचं, अकाउंटिंग फर्मकडून तपासून घ्यायचं, आणि कंपनीच्या सीईओ-सीएफओने सही करायची. ही सही मला फार महत्त्वाची वाटते, सही करणारा माणूस दोनदा वाचतो. १० अब्ज डॉलर्सच्या वरचे कॉइन असतील तर फेडरल देखरेख, खाली असतील तर राज्याची चालते. कंपनी बुडाली तर कॉइनवाल्यांचा हक्क बाकी देणेकऱ्यांच्या आधी. सर्कल यातलं बरंच आधीपासून करत होती, रिझर्व्हचा मोठा भाग ब्लॅकरॉक ही गुंतवणूक कंपनी सांभाळते त्या सरकारी मनी मार्केट फंडात असतो, महिन्याचे रिपोर्ट त्यांच्या साइटवर आहेत, मी वाचते, आणि कंटाळवाणे आहेत, जे रिझर्व्हच्या बाबतीत कौतुकच समजा.

ते एकदा खाली गेलं होतं ते आता सांगते. मार्च २०२३ मध्ये सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हा सर्कलचे ४० अब्जांच्या आसपास रिझर्व्हपैकी ३.३ अब्ज डॉलर्स त्या बँकेत अडकले होते. शुक्रवारी रात्री हे जाहीर झालं आणि वीकेंडला बँका बंद, कॉइन मात्र चोवीस तास चालू, त्यामुळे शनिवारी यूएसडीसी ८८ सेंट्सच्या आसपास घसरलं. रविवारी सरकारने सांगितलं की त्या बँकेतल्या सगळ्या ठेवी सुरक्षित आहेत, आणि सोमवारी ते परत एक डॉलरवर. म्हणजे सरकार नको सरकार नको म्हणत निघालेल्या या दुनियेला वाचवलं कोणी, तर ट्रेझरी, फेड (इथली मध्यवर्ती बँक) आणि एफडीआयसीने (ठेवींचा विमा देणारी सरकारी संस्था). असो. नवा कायदा असता तर हे झालं नसतं का? पूर्ण नाही म्हणता येणार, कारण रिझर्व्हमध्ये बँक डिपॉझिट्स अजूनही चालतात. आणि बँकेतल्या आपल्या खात्याला अडीच लाख डॉलर्सपर्यंत जो एफडीआयसी इन्शुरन्स असतो तो कॉइनवाल्याला नाही, उलट तसं भासवणंही कायद्याने बंद केलंय. एवढं एक वाक्य आमच्या दोन्ही काकांना माहीत नव्हतं.

मग शिक्क्याचा फायदा काय? माझ्या मते फायदा आहे, आणि मोठा आहे, पण लोक समजतात तो नाही. दोन पक्षांनी पास केलं म्हणजे माल चांगला असं नसतं. त्याचा अर्थ एवढाच की पुढच्या निवडणुकीनंतर नियम उलटा व्हायची शक्यता कमी.

हे किती महत्त्वाचं आहे ते आम्हा अकाउंटवाल्यांना विचारा. २०२२ च्या मार्चमध्ये एसईसीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, स्टाफने एक बुलेटिन काढलं, एसएबी १२१, की ग्राहकांचं क्रिप्टो सांभाळत असाल तर ते स्वतःच्या बॅलन्स शीटवर लायबिलिटी म्हणून दाखवा. झालं, मोठ्या बँकांनी हातच काढून घेतला. मे २०२४ मध्ये ते रद्द करायचा ठराव हाऊसमध्ये (संसदेचं खालचं सभागृह) पास झाला, सिनेटमध्येही (वरचं सभागृह) ६० विरुद्ध ३८ ने झाला, सिनेटमधले डेमोक्रॅट नेते शूमर यांच्यासकट बऱ्याच डेमोक्रॅट्सनी हो म्हटलं, आणि बायडननी व्हेटो केला. मग जानेवारी २०२५ मध्ये सरकार बदललं आणि काही दिवसांतच एसईसीने स्वतःच ते बुलेटिन गुंडाळलं. तेच कॉइनबेस या क्रिप्टो एक्स्चेंजवरच्या केसचं, जून २०२३ ला एसईसीने टाकली, फेब्रुवारी २०२५ ला काढून घेतली. खुर्चीवरचा माणूस बदलला की सर्क्युलर बदलतं. ट्रम्पनी मार्च २०२५ मध्ये बिटकॉइनचा राखीव साठा करायचा आदेश काढला त्यालाही हेच लागू, उद्याचा राष्ट्राध्यक्ष एका सहीत तो मागे घेऊ शकतो. आणि ट्रम्प स्वतः २०१९ मध्ये म्हणत होते की मी बिटकॉइनचा फॅन नाही, २०२४ च्या जुलैत नॅशव्हिलच्या बिटकॉइन कॉन्फरन्समध्ये भाषण ठोकत होते, तेव्हा माणसाच्या मतावर प्रॉडक्ट उभं करू नये हे उघड आहे.

इंडियात पण हेच झालं होतं, आठवतंय का. एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने सर्क्युलर काढून क्रिप्टोवाल्यांचं बँकिंग बंद केलं आणि ४ मार्च २०२० ला सुप्रीम कोर्टाने ते उडवलं. मधल्या दोन वर्षांत धंदे बसले ते बसलेच.

जीनियस ॲक्ट याच्यापेक्षा पक्का आहे. सिनेटमध्ये १७ जून २०२५ ला ६८ विरुद्ध ३०, त्यात १८ डेमोक्रॅट. हाऊसमध्ये १७ जुलैला ३०८ विरुद्ध १२२, डेमोक्रॅट्सचा आकडा शंभरच्या वर. दुसऱ्या दिवशी सही. आमच्या जर्सीचे दोन्ही सिनेटर, बुकर आणि अँडी किम, दोघेही हो म्हणाले, त्यामुळे इथे बायडनवाल्या काकांना तक्रारीला जागाच उरली नाही. असा कायदा मोडायला परत दोन्ही सभागृहांत मतं जमवावी लागतात, सिनेटमध्ये तर सहसा ६०. म्हणून रिझर्व्हचा जो खालचा मजला आहे तो पुढची काही वर्षं तसाच राहील असं धरून मी चालते, आणि साडेतीनपैकी निदान एक पूर्ण मार्क या एका गोष्टीचा आहे.

आता व्हाउचर. म्हणजे ही मतं जमली कशी.

सरळ नाही जमली. ८ मे २०२५ ला सिनेटमध्ये हेच बिल पुढे न्यायचं मतदान ४८ विरुद्ध ४९ ने पडलं होतं, कमिटीत हो म्हणालेले डेमोक्रॅट्सच मागे फिरले होते. कारण त्याच आठवड्यात बातमी आली होती की अबुधाबीची एमजीएक्स ही कंपनी बायनान्स या क्रिप्टो एक्स्चेंजमध्ये २ अब्ज डॉलर्स घालणार आणि ते ट्रम्प कुटुंबाच्या वर्ल्ड लिबर्टी फायनान्शियलच्या यूएसडी१ या स्टेबलकॉइनमधून देणार. म्हणजे ज्या मालाचा कायदा करायचा तोच माल सही करणाऱ्याच्या घरचे विकतायत. मग वाटाघाटी झाल्या, काही कलमं घट्ट झाली, १९ मे ला ६६ मतं पडली आणि गाडी निघाली. खासदारांना आणि वरच्या अधिकाऱ्यांना पदावर असताना कॉइन काढायला बंदी आहे, पण राष्ट्राध्यक्ष आणि त्यांच्या कुटुंबाचं नाव घेऊन बंदी घाला ही मागणी कायद्यात आली नाही. डेमोक्रॅट खासदार मॅक्सिन वॉटर्स बाईंचं मला नवल वाटतं, त्या हाऊसमध्ये रिपब्लिकन मॅकहेन्रींबरोबर स्टेबलकॉइन बिलावर किती काळ बसून वाटाघाटी करत होत्या, म्हणजे यांना विषयच कळत नाही असं कोणी म्हणू शकत नाही, आणि शेवटच्या बिलाला त्या विरोधात गेल्या. त्यांच्याच पक्षाच्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन तर होत्याच विरोधात. रिपब्लिकन बाजूनेही हॉली आणि रँड पॉल या सिनेटरांनी नाही म्हटलं. तेव्हा "दोन्ही पक्षांचा पाठिंबा" खरं तसं "दोन्ही पक्षांचा विरोध" पण खरंच आहे, फक्त छोटा.

आणि पैसा. फेअरशेक नावाची सुपर पॅक आहे, म्हणजे निवडणुकीत हवा तेवढा पैसा खर्च करू शकणारी संस्था, कॉइनबेस, रिपल ही क्रिप्टो कंपनी आणि अँड्रीसन हॉरोविट्झ ही गुंतवणूक फर्म यांच्या पैशावर चालते. २०२४ च्या निवडणुकीत हिने आणि हिच्या दोन बहिणींनी मिळून १३ कोटी डॉलर्सच्या आसपास खर्च केला. बहिणी म्हणजे एक रिपब्लिकन उमेदवारांसाठी, एक डेमोक्रॅट्ससाठी, काम कसं व्यवस्थित वाटून घेतलंय बघा. ओहायोत शेरॉड ब्राउन, जे सिनेट बँकिंग कमिटीचे चेअरमन होते आणि क्रिप्टोला सरळ नाही म्हणायचे, त्यांच्या विरोधात जवळपास ४ कोटी, ते हरले. मिशिगनच्या स्लॉटकिन आणि ॲरिझोनाचे गायेगो, दोघेही डेमोक्रॅट, यांच्या बाजूने कोटीकोटीच्या घरात, ते जिंकले, आणि दोघंही त्या १८ जणांत आहेत. गंमत म्हणजे त्या जाहिरातींत क्रिप्टोचा शब्दही फारसा नसायचा, नोकऱ्या, गुन्हेगारी, चारित्र्य असलं सगळं. उरलेल्या खासदारांना निरोप पोचायचा तो पोचला.

याच्याही आधी एफटीएक्स या क्रिप्टो एक्स्चेंजचा मालक सॅम बँकमन-फ्रीड होता, तो उघडपणे डेमोक्रॅट्सना द्यायचा आणि त्याचा सहकारी रिपब्लिकन लोकांना, म्हणजे ग्राहकांचे पैसे बुडवणारी कंपनी सुद्धा दोन्ही घरी हजेरी लावून होती. नोव्हेंबर २०२२ ला एफटीएक्स बुडाली, मार्च २०२४ ला बँकमन-फ्रीडला २५ वर्षांची शिक्षा झाली. "दोन्ही पक्ष यांच्या बाजूने आहेत" हे वाक्य कोणी सेल्स पिच म्हणून वापरलं की मला आधी हे आठवतं.

पण सगळंच विकत घेतलेलं असंही नाही, ते म्हणणं आळशीपणाचं होईल. लमिस आणि जिलिब्रँड या दोघी सिनेटर, एक वायोमिंगची रिपब्लिकन, एक न्यूयॉर्कची डेमोक्रॅट, २०२२ पासून एकत्र बिल मांडत आल्यात, तेव्हा फेअरशेक नव्हती. शिवाय सरकारचा स्वतःचा फायदा आहेच, स्टेबलकॉइन कंपन्या रिझर्व्हसाठी अमेरिकेचीच ट्रेझरी बिलं घेतात, म्हणजे सरकारच्या कर्जाला नवं गिऱ्हाईक, आणि जगभर लोक डॉलरच वापरतात. हे कुठल्या पक्षाला नको असेल? तो अर्जेंटिनाचा डिझायनर नकळत अमेरिकन सरकारला उधारी देतोय, म्हटलं तर.

आता वरचे मजले, जिथे शिक्का नाही किंवा अजून ओला आहे.

सगळ्यात जास्त प्रश्न येतो तो व्याजाचा. कायद्याने कॉइन काढणाऱ्या कंपनीला व्याज द्यायला बंदी केली. पण एक्स्चेंजवाले "रिवॉर्ड्स" म्हणून देतात, नाव वेगळं, खिशात येणारे डॉलर तेच. बँका चिडल्यात, त्यांचं म्हणणं की लोक ठेवी काढून इकडे आणतील, आणि ही पळवाट बंद करा. यावरून मार्केट स्ट्रक्चरच्या बिलात, म्हणजे क्लॅरिटी ॲक्ट नावाच्या, एक्स्चेंज आणि बाकी क्रिप्टो बाजाराचे नियम ठरवणाऱ्या बिलात, भांडण लागलं. हाऊसने ते जुलै २०२५ मध्ये २९४ विरुद्ध १३४ ने पास केलं, पण सिनेटमध्ये जानेवारी २०२६ ला कॉइनबेसने पाठिंबा काढला आणि बँकिंग कमिटीची बैठकच पुढे ढकलली गेली. तेव्हा आज ॲपवर जो टक्का दिसतोय तो कायमचा समजून कोणी एमर्जन्सी फंड हलवू नका. तुमचे पैसे एक्स्चेंजवर सांभाळले कसे जातात, एक्स्चेंज बुडालं तर काय, याचं बरंचसं उत्तर पण त्याच बिलात आहे, जीनियस ॲक्टमध्ये फारसं नाही. आणि माझं अकाउंट जे रिव्ह्यूत अडकलं, त्याला तर दोन्हीकडचे मिळून ३०८ खासदार पण काही करू शकत नव्हते.

हो, जुलैच्या त्या आठवड्याला "क्रिप्टो वीक" असं नाव दिलं होतं आणि हाऊसमध्ये एक प्रोसिजरचं मतदान नऊ तासांहून जास्त उघडं ठेवावं लागलं, कारण रिपब्लिकन लोकांचंच आपसात जमेना, काहींना सरकारी डिजिटल डॉलरवर बंदी याच गाडीत बसवून हवी होती. त्या बंदीचं बिल वेगळं काढलं तर २१९ विरुद्ध २१० ने कसंबसं निघालं. बघा फरक, एकाच आठवड्यात, एकाच सभागृहात. कॉइन खाजगी कंपनीचं असेल तर दोघांना चालतं, सरकारचं असावं का यावर मात्र पक्षाप्रमाणे रांगा लागतात.

दुसरे कॉइन घ्यावेत का असं एकीने विचारलंय. टेदरचं यूएसडीटी सगळ्यात मोठं आहे, जगभर चालतं, पण २०२१ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलबरोबर १.८५ कोटी डॉलर्सवर सेटलमेंट आणि सीएफटीसीचा (वायदेबाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) ४.१ कोटींचा दंड, दोन्ही रिझर्व्हबद्दल लोकांना काय सांगितलं यावरून, हे वाचलं की माझा हात पुढे जात नाही. यूएसडी१ बद्दल वर लिहिलंच. ज्या कॉइनचं भविष्य एका कुटुंबाच्या सत्तेशी बांधलंय ते मी तरी घेणार नाही, यात मी कुठल्या पक्षाची वगैरे काही नाही.

आता इंडियाला पैसे पाठवायचं, कारण तुमच्यातल्या निम्म्यांनी त्यासाठीच हे उघडलं असणार. माझा धाकटा भाऊ नाशिकला असतो, तो म्हणतो, "ताई, तू डायरेक्ट यूएसडीसी पाठव ना, फी वाचेल, आणि आता तिकडे कायदा पण झालाय." म्हटलं, "अरे कायदा इकडे झालाय, तू तिकडे आहेस." इंडियात यावर २०२२ च्या बजेटपासून नफ्यावर ३० टक्के टॅक्स आहे, विकताना १ टक्का टीडीएस, एकातला लॉस दुसऱ्यात वळता करता येत नाही, आणि एवढा टॅक्स घेऊनही हे नक्की काय आहे ते सांगणारा पूर्ण कायदा नाही. त्याने ते रुपयात कुठे बदलायचं? एफआययूकडे (पैशांच्या संशयास्पद व्यवहारांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) रजिस्टर असलेल्या एक्स्चेंजवर गेला तर टीडीएस आणि स्प्रेड (खरेदी-विक्रीच्या भावातला फरक) जाऊन वाचलेली फी परत गेली. पी२पीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, विकलं आणि समोरून आलेले पैसे फ्रॉडचे निघाले तर सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक खातं फ्रीज करते, मग सोडवत बसा. वझीरएक्स या इंडियातल्या क्रिप्टो एक्स्चेंजमधून जुलै २०२४ मध्ये २३ कोटी डॉलर्सच्या आसपास माल चोरीला गेला तेव्हा लोकांचे पैसे किती काळ अडकले ते तोच मला सांगत होता, विसरला इतक्यात.

आणि काहीजण म्हणतात १ जानेवारी २०२६ पासून रेमिटन्सवर १ टक्का टॅक्स लागला म्हणून क्रिप्टो बरं. अहो, तो टॅक्स कॅश, मनी ऑर्डर, कॅशियर्स चेक देऊन पाठवणाऱ्यांना आहे, बँक अकाउंटमधून किंवा इथल्या डेबिट कार्डने पाठवलं तर लागत नाही. आपण सगळे बँकेतूनच पाठवतो. आईला पैसे मी नेहमीच्याच रेमिटन्स ॲपने पाठवते, तिच्या स्टेट बँकेच्या खात्यात रुपये पडतात, ती पासबुक भरून आणते, विषय संपला.

टॅक्सचं इथलं पण सांगते, सीझन जवळ आला की सगळे मलाच विचारतात. १०४० या टॅक्स रिटर्नच्या फॉर्मवर डिजिटल ॲसेटचा जो प्रश्न असतो त्यात, नुसतं डॉलर्स देऊन घेतलं आणि ठेवून दिलं असेल तर नाही म्हणता येतं. खर्च केलं, विकलं, दुसऱ्या कॉइनमध्ये बदललं की हो. नफा जवळपास शून्यच असणार, पण हो म्हणायचं. २०२५ च्या व्यवहारांपासून ब्रोकर १०९९-डीए नावाचा फॉर्म पाठवायला लागलेत, त्यात स्टेबलकॉइनला थोडी सूट आहे, तरी स्वतःचे रेकॉर्ड ठेवा. हा भाग दोन्ही पक्षांनी सोपा केला असता तर मी पाचपैकी चार दिले असते.

तर कोणी घ्यावं: परदेशातल्या फ्रीलान्सरला पैसे देणारे, किंवा ज्यांचा क्लायंट दुसऱ्या देशात आहे आणि तिथली करन्सी रोज घसरतेय. कोणी घेऊ नये: जे व्याजासाठी बघतायत (ब्रोकरेजमधला साधा मनी मार्केट फंड बघा, तोही ट्रेझरी बिलंच घेतो आणि व्याज तुम्हाला देतो, यूएसडीसीच्या रिझर्व्हवरचं व्याज आधी सर्कलकडे जातं), आणि इंडियाला घरी पाठवणारे. मी कामापुरतं घेते, आलं की त्याच आठवड्यात पाठवून टाकते, ॲपवर साठवत नाही. सिनेटमधलं ते रिवॉर्ड्सचं भांडण मिटलं की इथेच खाली अपडेट टाकेन, रेटिंग बदललं तर तेव्हा.